उतरंडीतली सातवी ओळ

कर्वेनगरात मुख्य रस्त्यापासून दोन गल्ल्या आत एक लॉन्ड्री आहे आणि तिच्या डोक्यावर रावसाहेबांची कंपनी. लिफ्ट चालवणारी कंट्रोल पॅनेल बनवतात तिथे. जिन्यात रावसाहेबांनीच लावलेली पाटी आहे : ‘कार्यालय वर आहे. लॉन्ड्रीत विचारू नये. त्यांना काहीही माहीत नसते.’ जिना चढताना खळीचा आणि गरम इस्त्रीचा वास येतो. पहिले आठ दिवस तो आवडतो, मग कळेनासा होतो.

इंद्रजीत या कंपनीत सोळा वर्षं होता. पॅनेलमधला प्रोग्रॅम बहुतेक त्याच्या हातचा. वय बेचाळीस, आवाज हळू, कुणाला टाकून बोलणं नाही. नवी मुलं त्याच्याकडे शिकायला धडपडत आणि तोही मनापासून शिकवायचा. चांगला माणूस म्हणून त्याचं नाव होतं. ते ऐकलं की त्याला कसंतरी व्हायचं, पण ते कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी अकराच्या चहाला शेफाली लॅपटॉप उघडाच धरून त्याच्यापाशी आली. वर्षभरापूर्वी लागलेली पोरगी. हुशार, आणि एकदा मागे लागली की सोडायची नाही.

“सर, वारज्याची कम्प्लेंट आहे ना, सुखनिवास? चौथ्या मजल्यावर लिफ्ट अडकते. मी इथे लाकडी लिफ्टवर सेम एरर आणली. पण एरर आली की डीबगरमधला कॉल स्टॅक जातो. पूर्ण ब्लँक. बघा.”

लाकडी लिफ्ट म्हणजे मागच्या खोलीतला प्लायवुडचा उभा फळा. त्यावर सात मजल्यांचे सात दिवे, सात बटणं आणि लिफ्टच्या दाराचं एक खरंखुरं लॉक. दार लागलं की ते टक्‌ असा आवाज करी. नवा प्रोग्रॅम आधी त्या फळ्यावर चालवून बघायचा आणि मग इमारतीत न्यायचा, ही कंपनीची रीत.

आणि कॉल स्टॅक म्हणजे काय, तर उतरंड. इंद्रजीत नव्या मुलांना हाच शब्द सांगायचा. प्रोग्रॅम चालतो तेव्हा एक काम दुसऱ्याला हाक मारतं, दुसरं तिसऱ्याला, अशी मडक्यावर मडकी चढत जातात. काम उरकलं की वरचं मडकं उतरतं. मध्येच चूक झाली तर डीबगर, म्हणजे चूक शोधायचं साधन, प्रोग्रॅम जागच्या जागी थांबवतो आणि ती उतरंड दाखवतो. सगळ्यात वर चूक झाली ते काम, त्याच्या खाली त्याला पाठवणारं, त्याच्या खाली त्यालाही पाठवणारं, तळापर्यंत. चुकीचा माग काढायचा तो असा. कामांची नावं मराठीतच हवीत हा रावसाहेबांचा हट्ट होता. दार_उघड, मजला_बदल, लिफ्ट_चालू. शिवाय त्यांनी हौसेनं शेजारी एक रकाना वाढवून घेतला होता : कुठलं काम किती वेळ चाललंय. बहुतेक तिथे सेकंदाचे हजारावे भाग दिसत.

शेफालीच्या पडद्यावर लाल अक्षरात चूक होती. दाराची तपासणी फसली. खाली उतरंडीची चौकट कोरी.

इंद्रजीतनं चहाचा कप खाली ठेवला. ती कोरी का आहे हे त्याला तत्क्षणी कळलं. सहा ओळींमुळे. त्यानं स्वतः लिहिलेल्या सहा ओळी, पावणेआठ वर्षांपूर्वीच्या. चूक झाली की ती मुठीत पकडायची, तिचा माग पुसायचा आणि जणू आत्ताच जन्मली अशी पुढे सोडून द्यायची. त्या ओळी ज्या फाइलमध्ये होत्या, तिच्या माथ्यावर त्यानं लिहून ठेवलं होतं : ‘हात लावू नये. — इं.’ पुण्यात असं लिहिलं की माणसं खरंच हात लावत नाहीत.

“सेटिंगचा घोळ असेल,” तो म्हणाला. “डीबगर काढून परत टाक. मग बघू.”

“ओके सर.” मग ती हसली. “तोवर मी साइटवर काही हात घालत नाही. मैनुद्दीन करणार नाही मी.”

त्यानं चहाचा कप पुन्हा उचलला.

आता हे सांगायलाच हवं. मागच्या खोलीत, लाकडी लिफ्टच्या वर, रावसाहेबांची आणखी एक पाटी होती : ‘मैनुद्दीन करू नये.’ नव्या माणसाला पहिल्याच दिवशी तिचा अर्थ सांगितला जाई. मैनुद्दीन नावाचा मेकॅनिक होता. तीस वर्षांचा अनुभव. हा फळाही त्यानंच बनवलेला. तर या माणसानं एकदा वारज्याच्या सुखनिवासमध्ये, कुणी न सांगता, आपल्या मनानं चौथ्या मजल्यावर काम काढलं. दाराच्या लॉकशी खेळ केला, लिफ्ट आलेलीच नसताना दार उघडलं आणि डक्टमध्ये पडून गेला. म्हणून न विचारता शहाणपण करणं म्हणजे मैनुद्दीन करणं. कंपनीत हा शब्द इतका रुळला होता की चहात साखर जास्त पडली तरी पोरं तो वापरत.

खरं काय झालं ते दोनच माणसांना माहीत होतं. त्यातला एक गेला.

वैशाख होता. सुखनिवासच्या लिफ्टचं उद्घाटन, मुहूर्त अकरा बेचाळीसचा. बिल्डरनं लिफ्टच्या दाराला झेंडूचं भरगच्च तोरण बांधलं होतं आणि त्याचा दोरा दाराच्या फटीत जात होता. दार पुरतं लागेना, आणि दार लागल्याशिवाय प्रोग्रॅम लिफ्ट हलू देईना. बरोबरच होतं ते; लिफ्ट समोर नसताना दार उघडू न देणारी तपासणीही हीच. पण मुहूर्ताआधी तोरण कापायचं कुणी? बिल्डरच्या आईनं नुसतं डोळे वटारून बघितलं. अकरा अडतीस झाले, चाळीस झाले. इंद्रजीतनं लॅपटॉप लावला आणि दाराची तपासणीच काढून टाकली. पाच मिनिटांसाठी. नारळ फुटला, लिफ्ट वर गेली, टाळ्या झाल्या. मग पेढे, मग जेवण, मठ्ठा फार सुंदर होता. तपासणी परत जोडायची राहिली.

चौथ्या दिवशी दुपारी सुखनिवासमधून निरोप आला, चौथ्यावर लिफ्ट खरखरते. इंद्रजीतनं मैनुद्दीनला फोन केला. “चौथ्यावर लिफ्ट मागवा. दार उघडलं की आत शिरा आणि पॅनेल बघा.” दार उघडलं. मैनुद्दीन नेहमीसारखा पाठमोरा, हत्यारांची पिशवी ओढत आत शिरला. आत लिफ्ट नव्हती.

त्या संध्याकाळी इंद्रजीतनं तपासणी जोडली आणि तिच्याभोवती त्या सहा ओळी लिहिल्या, म्हणजे ती मध्यंतरी काढली होती हे कुणाला दिसू नये. चौकशीत त्याला विचारलं, तुम्ही पाठवलं होतंत का. तो नाही म्हणाला. त्याची मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती, घराचे हप्ते होते, हे सगळं तो स्वतःला नंतर सांगत आला. पण नाही म्हणताना त्यातलं काहीच डोक्यात नव्हतं. नुसती भीती वाटली आणि तोंडातून नाही आलं, एवढंच.

मंगळवारी शेफालीनं डीबगर काढून परत टाकला. उतरंड कोरीच. दिवसभर ती एकेक सेटिंग उलटसुलट करत बसली आणि तो पलीकडच्या टेबलावरून पाहत राहिला. एवढी गुणी पोर आपल्या शब्दाखातर भिंतीवर डोकं आपटतेय आणि आपण बघतोय, या विचारानं त्याला डबा गेला नाही.

चारच्या सुमाराला ती आली. “सर, एक ओळ आली.”

“कसली?”

“उतरंडीची. तळातली दोन, म्हणजे. सगळ्यात खाली लिफ्ट_चालू, ते ठीक आहे. पण त्याच्यावर हे काय आहे?”

पडद्यावर लिहिलेलं होतं : मुहूर्त_गाठ. ओळ ११४२.

“मी सगळीकडे शोधलं,” शेफाली म्हणाली. “असं कामच नाहीये कुठल्या फाइलमध्ये. आणि आपली सगळ्यात मोठी फाइल सहाशे ओळींची आहे. अकराशे बेचाळीस आली कुठून?”

त्या सहा ओळी काम करत होत्या. त्यांच्यातून एक अक्षरही सुटणं शक्य नव्हतं.

“कचरा असेल मेमरीतला,” तो म्हणाला. “उद्या मी बघतो.”

रात्रभर तो कोणावर संशय घ्यावा याचा विचार करत पडला. मुहूर्ताची वेळ बिल्डरला माहीत होती, पण तपासणीचं त्याला कळलं नव्हतं. मैनुद्दीन तेव्हा बाजूला उभा होता. त्यानं फक्त विचारलं होतं, “साहेब, लिहून ठेवू का कुठं, परत जोडायचं म्हणून?” आणि इंद्रजीत म्हणाला होता, “आहे माझ्या लक्षात.”

बुधवारी सकाळी तो साडेआठलाच आला. आपला जुना लॅपटॉप काढला, नेटची वायर उपसली, प्रोग्रॅमची कोरी प्रत टाकली आणि लाकडी लिफ्टला जोडली. कुणी चेष्टा करत असेल तर तिथवर त्याचा हात पोचला नसता. चौथ्याचं बटण दाबलं. चूक आली. चौकटीत तळापासून तीन ओळी होत्या. तिसरी म्हणत होती : पाच_मिनिटं_तपासणी_सोड.

त्यानं पुन्हा चालवलं. चार ओळी. परत_जोडायचं_राहिलं.

खाली लॉन्ड्रीत इस्त्रीवर पाण्याचा शिडकावा झाल्याचा चरचर आवाज आला. मग काहीतरी करायचं म्हणून त्यानं फळ्यावरचं लॉक उघडून पाहिलं, संपर्क सैल झालाय का म्हणून. संपर्क घट्ट होता. फटीत झेंडूची पाकळी होती. दसऱ्याला कंपनीत यंत्रांची पूजा होते, तेव्हा या फळ्यालाही हार घालतात. पण दसरा होऊन चार महिने झाले होते, आणि पाकळी ओली होती. बोटाला तिचा कडवट वास राहिला. दोनदा साबण लावला तरी राहिला.

तो घाबरला होता का? होता. पण त्याहून जास्त त्याला लाज वाटत होती. कुणीतरी आपल्याला आरपार बघतंय आणि ओरडत नाही, रागावत नाही, नुसतं एकेक ओळ पुढे ठेवतंय, याची लाज. रागावलेल्या माणसाला निदान काही उत्तर देता येतं.

आणि इतकं होऊनही त्यानं काय ठरवलं, तर त्या सहा ओळी गुपचूप काढायच्या. चूक दुरुस्त करायची आणि डीबगरवर ढकलून द्यायची. त्यासाठी शेफाली दोन तास तरी समोर नको होती. ही पोरगी मागे उभी राहून सगळं वाचते.

गुरुवारी जेवणाआधी तो तिला म्हणाला, “तू वारज्याला जाऊन ये. प्रत्यक्ष बघ. इथे बसून नाही कळायचं.”

“एकटी? मेकॅनिक कोणी?”

“सगळे साइटवर आहेत. अवघड काही नाही. चौथ्यावर लिफ्ट मागव. दार उघडलं की आत शिर आणि आतल्या पॅनेलला लॅपटॉप लाव.”

“दार वगैरे सेफ आहे ना सर?”

“तपासणी आहे की दाराला.”

ती गेली. रावसाहेब एकला जेवायला घरी जात आणि चारला परत येत. त्यात बदल व्हायला जग बुडायला हवं. बाकीची दोघं बाहेर होती. लॉन्ड्रीचं शटर खाली आलं. गल्लीत एक स्कूटरसुद्धा नव्हती. कर्वेनगरातली दुपार, सगळ्यांचे पंखे चालू आणि दारं बंद.

इंद्रजीत मागच्या खोलीत बसला आणि त्यानं ती फाइल उघडली. ‘हात लावू नये.’ खाली त्याच्याच हातच्या सहा ओळी. इतक्या वर्षांत त्यानं त्या पुन्हा वाचल्या नव्हत्या. आता वाचल्या, सावकाश, दुसऱ्या कुणाच्या असाव्यात तशा.

आणि त्याला दिसलं. तपासणी फसली की त्या ओळी तिचा माग पुसत होत्या, पण त्याबरोबर फसल्याची खबरही गिळत होत्या. एकदा फसली की लिफ्ट अडकायची. दुसऱ्यांदा मागवली की प्रोग्रॅमच्या लेखी सगळं ठाकठीक असायचं आणि दार उघडायचं. लिफ्ट असो वा नसो. लॉक नवं होतं तोवर तपासणी कधी फसलीच नाही. आता सुखनिवासचं लॉक गंजलं होतं.

त्यानं सहा ओळी पुसल्या. प्रोग्रॅम चालवला, चौथ्याचं बटण दाबलं.

फळ्यावरचा चौथा दिवा लागला. चूक आली. डीबगरनं प्रोग्रॅम थांबवला. उतरंड भरली.

लिफ्ट_चालू. मुहूर्त_गाठ. पाच_मिनिटं_तपासणी_सोड. परत_जोडायचं_राहिलं. मैनुद्दीनला_फोन_कर. दार_उघड.

तळापासून सातवी : पाऊल_ठेव.

त्यानं डोळे मिटले. उघडले तेव्हा आठवी ओळ आली होती.

माग_पुस.

थांबवलेल्या प्रोग्रॅमची उतरंड वाढत नाही. हे तो सोळा वर्षं मुलांना शिकवत होता.

चौकशीत_नाही_म्हण.

गप्प_बस.

शेफालीला_सेटिंग_बघायला_सांग.

त्यानं लॅपटॉपची कळ दाबून धरली. पडदा विझला नाही.

शेफालीला_वारज्याला_पाठव.

फळ्यावरचं लॉक टक्‌ झालं. कुणी हात लावला नव्हता. फळ्यावरचं छोटं दार हळूच उघडलं.

दार_उघड.

ही तेरावी. तिच्या वर चौकटीत एक रिकामी जागा होती आणि तिथे खूण लुकलुकत होती.

इंद्रजीतनं फोन उचलला. दोन वाजून चाळीस मिनिटं. चार वेळा रिंग गेली.

“हां सर,” शेफालीचा आवाज. “चौथ्यावरच आहे. पहिल्यांदा अडकली. परत मागवली, आत्ता दार उघडलं. इथला पॅसेजचा दिवा गेलाय, काही दिसत नाही. एक मिनिट हं, फोन स्पीकरवर टाकते, लॅपटॉप सांभाळून आत—”

“थांब. आत जाऊ नकोस.”

“का?”

“लिफ्ट नसेल आत.”

“असं कसं सर? दार उघडलंय. तपासणी आहे ना, तुम्हीच म्हणालात. आधी लाव म्हणालात, आता नको?” ती जरा वैतागली होती. चार दिवस ती याच माणसाचं ऐकत आली होती आणि चार दिवस काहीच हाती लागलं नव्हतं. “पाच मिनिटांचं काम आहे. करून टाकते.”

“शेफाली,” तो म्हणाला, आणि त्याचा आवाज त्याला ओळखू आला नाही. “तपासणी चालत नाही. मी बिघडवली. सेटिंगचं खोटं होतं. मैनुद्दीन आपल्या मनानं गेले नव्हते. मी पाठवलं होतं त्यांना, तिथेच, याच दारात. तुला सांगितलं ते जसंच्या तसं त्यांना सांगितलं होतं. पाऊल टाकू नकोस, पाया पडतो तुझ्या.”

पलीकडे फोनचा टॉर्च लावल्याचा आवाज. मग तिचा श्वास.

“सर, खाली दोरखंड दिसतोय,” ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. “नुसता दोरखंड.”

“मागे हो. जिन्यात जाऊन बस.”

“बसले.”

ती रडत होती. तोही. पडद्यावर तेरावी ओळ नाहीशी झाली. मग बारावी, मग अकरावी. काम उरकलं की वरचं मडकं उतरतं.

रावसाहेब चारला आले तेव्हा इंद्रजीत जिन्याच्या तोंडाशी उभा होता. त्यानं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. एकही कारण दिलं नाही. रावसाहेब सत्तरीचे, कोणाचं बोलणं पुरतं ऐकून घ्यायची त्यांना सवय नव्हती. त्या दिवशी घेतलं.

“पावणेआठ वर्षं,” शेवटी ते म्हणाले, “त्या माणसाचं नाव घेऊन मी पोरांना दम देत होतो. आणि तू समोर बसून ऐकत होतास.”

“हो.”

“भले.” ते मागच्या खोलीत गेले, स्टुलावर चढले आणि पाटी स्वतः काढली. कुणी आधार द्यायला पुढे झालं तर त्यांनी हात झटकला. भिंतीवर पाटीएवढा पांढरा चौकोन राहिला. मग त्यांनी वही उघडून सगळ्या सोसायट्यांना एकेक फोन लावला, लिफ्ट आजच्या आज बंद ठेवा म्हणून. संध्याकाळी इंद्रजीतनं चौकशी अधिकाऱ्यांच्या नावे पत्र लिहिलं. तीन पानं झाली. रावसाहेबांनी त्यातलं एक विशेषणही बदललं नाही, फक्त खाली कंपनीची सही केली.

तो लॅपटॉप मात्र इंद्रजीतनं बंद केला नव्हता. थांबवलेला प्रोग्रॅम तसाच ठेवला होता आणि वर चिठ्ठी लावली होती : ‘हात लावू नये. — इं.’ रात्री निघताना पाहिलं तर गप्प_बस गेलं होतं. शुक्रवारी पत्र पोचलं. त्या दिवशी चौकशीत_नाही_म्हण गेलं.

माग_पुस राहिलं. कुणासमोर जायचं ते त्याला कळत होतं.

शनिवारी सकाळी तो कसबा पेठेत मैनुद्दीनच्या घरी गेला. गाडी लांब लावून चालत. तांब्याची भांडी ठोकल्याचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीपाशी शिवणयंत्र. सकीनाभाभींनी त्याला लगेच ओळखलं. बसायला खुर्ची दिली. त्यांची मुलगी आलिया दारातच उभी राहिली, हाताची घडी घालून.

त्यानं सांगितलं. तोरणाचं, तपासणीचं, फोनचं, चौकशीत नाही म्हटल्याचं, पाटीचं. पाटीचं सांगताना त्याला मध्ये थांबावं लागलं. आलियानं तोंड फिरवलं.

सकीनाभाभींनी शिवणयंत्राच्या चाकावरचा हात काढला नव्हता. “तुमचा फोन आला हे मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या. “मी जेवायला वाढत होते त्यांना. इंद्रजीतसाहेबांचा आहे म्हणाले आणि ताटावरून उठले.”

“मग चौकशीत तुम्ही—”

“आम्हाला विचारलं कुणी?”

खाली ठोकणं चालू होतं. तो मान खाली घालून बसला. माफी मागितली, पण माफी मिळावी अशी त्याची अपेक्षा नव्हती आणि ती कुणी दिलीही नाही. निघताना सकीनाभाभी जिन्यापर्यंत आल्या.

“एक विचारू? तुम्ही शिकलेले आहात, तुम्हाला ठाऊक असेल.” त्यांनी पदर नीट केला. “पडताना त्यांना कळलं असेल का हो? फार वेळ लागला असेल का?”

हे उत्तर त्याला येत होतं. त्यानं ते केव्हाच, स्वतःसाठी, कागदावर मांडून काढलं होतं.

“दीड सेकंद, भाभी,” तो म्हणाला. “फार तर पावणेदोन. कळलंसुद्धा नसेल त्यांना.”

“शपथ?”

“शपथ.”

त्यांनी मान हलवली. इतक्या वर्षांत कुणीतरी काहीतरी दिल्यासारखा त्यांचा चेहरा सैल झाला.

तिथून तो सरळ कर्वेनगरला गेला. शनिवार, ऑफिस बंद. लॉन्ड्रीवाला चादरींच्या घड्या घालत होता. इंद्रजीतनं कुलूप काढलं, मागच्या खोलीत गेला, खिडकी उघडली. भरदुपारचं ऊन टेबलावर आलं. चिठ्ठी जागच्या जागी होती.

माग_पुस गेलं होतं.

त्याला वाटलं होतं, आता सगळंच जाईल. चौकट कोरी होईल, या वेळी खरी कोरी. पण खालच्या सात ओळी तशाच होत्या. काम उरकल्याशिवाय मडकं उतरत नाही, आणि सगळ्यात वर आता सातवी होती. पाऊल_ठेव. तिच्यापुढे डीबगर लिहीत होता : चालू.

शेजारी रावसाहेबांचा रकाना. किती वेळ. सात वर्षं, नऊ महिने, अकरा दिवस, आणि पुढे तास, मिनिटं, सेकंद. सेकंद पुढे सरकत होते. दीड सेकंद, असं तो शपथेवर सांगून आला होता.

इंद्रजीतनं मान वर करून फळ्याकडे पाहिलं. चौथ्याचा दिवा विझला होता. तिसऱ्याचा अजून लागायचा होता.